पाण्याने वेढलेली नगरी

बेटावरच्या नगरीचे माणसाच्या मनाला फार जुने वेड आहे. आपल्या पुराणांत समुद्रात वसवलेली द्वारका आहे आणि समुद्रापलीकडची लंका आहे. ग्रीकांच्या प्लेटोने 'क्रिटिअस' या संवादात अटलांटिसचे वर्णन केले. त्यात मधल्या टेकडीभोवती पाण्याची तीन आणि जमिनीची दोन कडी आखलेली आहेत. या साऱ्या नगऱ्या वैभवाच्या. पण लंकेची गोष्ट जरा विचार करायला लावते. हनुमंताला ती रात्रीच्या चांदण्यात दिसते तेव्हा तिचे प्रासाद, राजमार्ग आणि उद्याने पाहून तो क्षणभर स्तिमित होतो. त्याच नगरीतल्या एका उद्यानात झाडाखाली बसलेल्या सीतेला मात्र ते सारे सोने बंदिवासाचे वाटते. नगरी एकच आणि तिचा नकाशाही एकच, पण उपवनात बसलेलीला बाहेर जायची वाट नाही.

या लेखात मी अशाच एका काल्पनिक बेटाचा भूगोल सांगणार आहे. ते बेट पाचशे वर्षांपूर्वी एका इंग्रज कायदेपंडिताने लॅटिन भाषेत रचले. 'आदर्श समाज' या अर्थाने त्या बेटाचे नाव आज जगातल्या बहुतेक भाषांत रूढ आहे: युटोपिया. त्याच्या उलट अर्थाचा, दुःस्वप्नासारख्या राज्यव्यवस्थेसाठीचा 'डिस्टोपिया' हा शब्द बराच उशिरा रूढ झाला. इंग्लंडच्या पार्लमेंटमध्ये १८६८ साली आयर्लंडच्या प्रश्नावर बोलताना जॉन स्टुअर्ट मिल याने तो सरकारवर टीका करण्यासाठी वापरला. दोन्ही शब्द आपण परस्परविरोधी मानतो. मी बरीच वर्षे शाळेत इतिहास-भूगोल शिकवला. नकाशा हातात घेऊन मजकूर वाचायची सवय त्यामुळे लागली. तशा पद्धतीने थॉमस मोरचे पुस्तक वाचत गेलो, तसतसे मला वाटू लागले की या दोन शब्दांमध्ये फार तर एका वेशीचे अंतर आहे.

मोरचे पुस्तक १५१६ साली लूव्हेन येथे छापले गेले. छपाईच्या कामी त्याचे मित्र इरॅस्मस आणि अँटवर्पचा पीटर गाइल्स यांनी लक्ष घातले होते. पहिल्याच आवृत्तीत बेटाचा नकाशा होता. १५१८ च्या बाझेलच्या आवृत्तीसाठी तो पुन्हा नव्याने कोरला गेला. नसलेल्या देशाचा नकाशा छापण्यात एक मिस्कीलपणा होता, कारण 'युटोपिया' या ग्रीक धर्तीच्या शब्दाचा अर्थच 'कुठेही नसलेली जागा' असा आहे. बेटावरच्या मुख्य नदीचे नाव अनायडर, म्हणजे 'निर्जला'. राजधानीचे नाव अमॉरोट, म्हणजे 'धूसर'. आणि ही सारी हकीकत सांगणाऱ्या प्रवाशाचे आडनाव हिथलोडे, म्हणजे 'वायफळ बोलण्यात तरबेज'. आपल्याकडचा कीर्तनकार जसा गंभीर चेहऱ्याने कोपरखळी मारतो, तशीच ही रीत म्हणायची.

बेटाचा आकार द्वितीयेच्या चंद्रकोरीसारखा. मध्यभागी रुंदी दोनशे मैल, घेर सुमारे पाचशे मैल. कोरीची दोन टोके जिथे एकमेकांकडे वळतात तिथे अकरा मैलांची सामुद्रधुनी आहे, आणि आत सरोवरासारखे शांत पाणी. म्हणजे सबंध बेटाच्या पोटातच बंदर आहे. मात्र तोंडाशी खडक आहेत. त्यांतला एक पाण्यावर दिसतो, त्यावर बुरूज आणि पहारा आहे. बाकीचे पाण्याखाली दडलेले. त्यांच्यामधून जाणारी वाट फक्त बेटावरच्या लोकांना ठाऊक. किनाऱ्यावर ज्या खुणा पाहून गलबत आत आणायचे, त्या खुणा जरा हलवल्या की शत्रूचे आरमार खडकांवर आदळून फुटावे, अशी तजवीज आहे.

आणि हे बेट मुळात बेटच नव्हते! तो मुख्य भूमीला जोडलेला प्रदेश होता, त्याचे नाव अब्राक्सा. युटोपस नावाच्या राजाने तो जिंकला आणि जोडणारी पंधरा मैलांची पट्टी खणून समुद्र आत घेतला. जिंकलेल्या लोकांबरोबर त्याने आपले सैनिकही खोदाईला लावले, म्हणजे लोकांना ते काम अपमानाचे वाटू नये. भूगोल शिकवणाऱ्याने या ठिकाणी थोडे थांबावे. हे बेट निसर्गाने घडवलेले नाही, ते जिंकणाऱ्याने घडवले आहे. पाणी आधी नव्हते, ते आणून सोडले. नवी व्यवस्था उभी करण्यापूर्वी युटोपसने पहिले काम केले ते शेजाऱ्यांशी असलेला जमिनीचा संबंध तोडण्याचे.

बेटावर चोपन्न शहरे आहेत. सर्वांची भाषा एक, कायदे एक, रीतिरिवाज एक, आणि जमिनीचा उंचसखलपणा सोडला तर आराखडाही एक. कोणतीही दोन शहरे एकमेकांपासून चोवीस मैलांपेक्षा जवळ नाहीत आणि एका दिवसाच्या पायी चालीपेक्षा दूर नाहीत. एक पाहिले की सगळी पाहिल्यासारखी, असे हिथलोडे स्वतःच सांगतो आणि एकट्या अमॉरोटचे वर्णन करतो. ही राजधानी बेटाच्या मध्यभागी, म्हणजे बेंबीच्या जागी आहे. टेकडीच्या उतारावर जवळजवळ चौकोनी वसलेली. एका बाजूला नदी, उरलेल्या तीन बाजूंना काटेरी झुडपांनी भरलेला कोरडा खंदक, आणि सभोवार बुरुजांचा उंच तट. रस्ते वीस फूट रुंद. घरे एकमेकांना लागून सलग रांगेत, मागे बागा. दारे दुहेरी झडपांची. हाताने नुसती लोटली की उघडतात आणि आपोआप मिटतात. त्यांना कुलूप नाही, कारण कुणाचे खाजगी असे काही नाहीच. ज्याला वाटेल त्याने कुठल्याही घरात जावे. दर दहा वर्षांनी चिठ्ठ्या टाकून घरांची अदलाबदल होते.

शहराचे चार समान पेठांत विभाजन केलेले आहे. प्रत्येक पेठेच्या मध्यावर बाजार. कुटुंबांनी तयार केलेला माल तिथल्या कोठारात जमा होतो आणि घराच्या कर्त्या माणसाने लागेल ते घेऊन जायचे. पैसा नाही, हिशेब नाही. शहरात सहा हजार कुटुंबे असतात. दर तीस कुटुंबांमागे एक अधिकारी निवडलेला असतो, त्याला सिफोग्रांट म्हणतात. त्याच्या वाड्यात त्या तीस कुटुंबांची पंगत बसते. रोजचे काम फक्त सहा तास. सोन्याची किंमत राहू नये म्हणून त्याची शौचपात्रे आणि कैद्यांच्या बेड्या करतात. शेजाऱ्याची जमीन हडपून मेंढ्या चारणाऱ्या आणि भुकेने चोरी करणाऱ्याला फासावर देणाऱ्या त्या काळच्या इंग्लंडात हे वर्णन वाचणाऱ्याला किती दिलासा वाटला असेल, हे समजू शकते. मोरने त्या अन्यायाविरुद्ध जे लिहिले आहे, त्याचे मोल आजही कमी झालेले नाही.

परंतु नकाशा अजून संपलेला नाही. अमॉरोटच्या तटाबाहेर काय आहे ते पाहू. शहराच्या चार बाजूंना चार मोठी रुग्णालये आहेत, ही चांगली गोष्ट. तटाबाहेरच, वाहत्या पाण्याच्या काठी, जनावरे कापण्याची जागाही आहे. ते काम नागरिकांनी करायचे नाही, कारण त्यामुळे मनातली दया हळूहळू मरते, असे बेटावरच्या शहाण्यांचे मत आहे. मग ते कोण करते? गुलाम करतात. युद्धात पकडलेले, गुन्हा केलेले, परदेशांतून स्वस्तात आणलेले शिक्षेचे कैदी, आणि आपल्या देशातल्या दारिद्र्याला कंटाळून आपणहून आलेले गरीब. भोजनगृहातली घाणेरडी आणि कष्टाची कामे हेच करतात. त्यांची दया मेली तर काय, हा प्रश्न पुस्तकात कोणी विचारत नाही. गावकुसाबाहेरचे जीवन ज्या देशाने शतकानुशतके पाहिले, तिथल्या वाचकाला हा तटाबाहेरचा भाग नजरेआड करता येणार नाही.

दुसरी गोष्ट प्रवासाची. दुसऱ्या शहरातल्या मित्राला भेटायचे असेल तर अधिकाऱ्यांची परवानगी लागते. शहराच्या प्रमुखाचे पत्र बरोबर न्यावे लागते, आणि परत येण्याची तारीख त्यात लिहिलेली असते. पत्राशिवाय हद्दीबाहेर सापडलेल्या माणसाला पळपुटा समजून अपमान करत परत आणतात व कडक शिक्षा देतात. पुन्हा तसे केले तर गुलामी. बेटावर दारूचा गुत्ता नाही, वेश्यागृह नाही, लपून भेटायची जागा नाही. प्रत्येक जण सर्वांच्या डोळ्यांसमोर असल्यामुळे त्याला काम करण्यावाचून किंवा सभ्य करमणुकीवाचून गत्यंतर नाही, असे हिथलोडे मोठ्या अभिमानाने सांगतो. राज्यकारभाराविषयी सभागृहाबाहेर खलबत करणे हा देहान्ताचा गुन्हा आहे. आणि लोकसंख्या फार वाढली तर मुख्य भूमीवर वसाहत करतात. तिथले लोक त्यांचे कायदे मानून राहायला तयार असले तर ठीक, नाहीतर त्यांना हाकलतात. विरोध झाला तर युद्ध. पडीक ठेवलेली जमीन दुसऱ्याला न देणे हे युद्धाचे न्याय्य कारण, असे त्यांचे तत्त्व.

विसाव्या शतकातल्या लेखकांनी ज्या भयनगऱ्या रचल्या, त्यांचे सामान या पाचशे वर्षांपूर्वीच्या नकाशातच ठेवलेले दिसते. रशियाच्या झाम्यातिनने 'आम्ही' या कादंबरीत काचेच्या भिंतींची घरे रचली. अमॉरोटच्या कुलूप नसलेल्या दारांपासून ती फार लांब नाहीत. ऑर्वेलच्या 'नाइन्टीन एटी-फोर' मध्ये अख्खे ब्रिटन बेट 'एअरस्ट्रिप वन' होते. लंडनच्या मोडक्या घरांवर चार मंत्रालयांचे तीनशे मीटर उंच पिरॅमिड उभे राहतात, आणि पंच्याऐंशी टक्के जनता ज्या वस्त्यांत राहते तिकडे पक्ष फारसा लक्षही देत नाही. आपली मुले ज्या बॅटमनच्या चित्रकथा वाचतात त्यातली गॉथम नगरीही बेटांवरच वसलेली आहे. 'गॉथम' हे मूळचे न्यूयॉर्कला वॉशिंग्टन आयर्व्हिंगने १८०७ मध्ये थट्टेने दिलेले नाव. १९९८ साली एलियट ब्राउन या चित्रकाराने या नगरीचा तपशीलवार नकाशा आखून दिला. लगेच १९९९ च्या कथामालिकेत भूकंपानंतर सरकारने त्या शहराशी संबंध तोडला आणि त्याचे पूल उडवून दिले. मग टोळ्यांनी भिंतींवर आपापल्या खुणा रंगवून पेठा वाटून घेतल्या. युटोपसने जमीन खणून समुद्र आत घेतला, इथे पूल पाडले. हत्यार वेगळे असले तरी दोन्ही ठिकाणी काम तेच झाले.

आता वाचक विचारतील की हे सारे बेळगाव-गोव्याकडच्या दिवाळी अंकात कशासाठी? त्याचे उत्तर मोरच्या पुस्तकातच आहे. हा हिथलोडे जन्माने पोर्तुगीज आहे. व्हेस्पुचीबरोबर पश्चिमेकडे गेलेला हा माणूस परतताना तप्रोबेन, म्हणजे सिंहलद्वीप, तिथून कालिकत असा येतो. कालिकतला त्याला आपल्या देशाची गलबते मिळतात आणि तो घरी पोहोचतो. म्हणजे युटोपियाहून युरोपला जाणारी वाट आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाते! पुस्तक छापले गेले १५१६ मध्ये. त्याच्या सहाच वर्षे आधी, २५ नोव्हेंबर १५१० रोजी, आफोन्सो द आल्बुकेर्क याने गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा जिंकला होता. एका बेटनगरीचा आराखडा कागदावर उतरत होता, त्याच काळात दुसरी बेटनगरी प्रत्यक्ष उभी राहत होती.

आज जुने गोवे पाहायला जाणाऱ्याला आपण बेटावर आहोत याची जाणीवही होत नाही, इतके पूल झाले आहेत. पण नकाशा पाहा. उत्तरेला मांडवी, दक्षिणेला जुवारी, पश्चिमेला समुद्र आणि पूर्वेला दोन्ही नद्यांना जोडणारी कुंभारजुव्याची खाडी. मधला भूभाग म्हणजे तिसवाडी. तीस गावांची वस्ती म्हणून तिसवाडी. पोर्तुगीज त्याला 'इल्यास', म्हणजे 'बेटे' म्हणत, कारण दिवाडी, चोडण, जुवें ही शेजारची बेटेही त्यातच येत. याच भूमीवर जुवारीच्या काठी कदंबांचे गोपकपट्टण होते. पुढे मांडवीच्या काठी एला नावाचे बंदर वाढले. १४७२ मध्ये बहामनींचा वजीर महमूद गवान याने गोवा घेतला, आणि पाठोपाठ त्याच मोहिमेच्या ओघात आमचा बेळगावचा किल्लाही त्याच्या हाती गेला. या दोन गावांचे नशीब किती वेळा एकाच दोरीत ओवले गेले, ते पाहण्यासारखे आहे. बहामनींनंतर एला आदिलशाहीकडे आले आणि आदिलशाहाकडून पोर्तुगीजांकडे.

मोरच्या बेटाला खडकांचा पहारा होता, तिसवाडीला मगरींचा. कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आजही आहेत. पोहून पळणाऱ्यांना अडवण्यासाठी त्या मुद्दाम सोडल्या, अशी आख्यायिका आपल्याकडे सांगतात. खरा पहारा मात्र उतारांवर होता. पणजी, दावजी, बाणस्तारी, आगशी अशा ठिकाणी जिथे पाणी ओलांडता येई, तिथे पोर्तुगीजांनी नाकी बसवली. त्यांना 'पास' असे म्हणत. १५८३ पासून सुमारे पाच वर्षे गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी असलेल्या लिन्शोटेन या डच माणसाने या नाक्यांची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याचे पुस्तक १५९६ मध्ये प्रसिद्ध झाले. तो सांगतो की बेटावर राहणाऱ्या इथल्या लोकांना, मग ते हिंदू असोत की मुसलमान, सामानसुमान आणण्यासाठी पलीकडच्या मुलखात जायचे झाले तर नाक्यावर त्यांच्या उघड्या दंडावर शिक्का उठवत. परत येताना तो शिक्का दाखवायचा आणि दोन बाझारुक भरायचे. बाझारुक हे त्या काळचे अगदी हलके नाणे.

मी हे प्रथम वाचले तेव्हा मोरचे ते परतीची तारीख लिहिलेले पत्र आठवले. कागदावरच्या नगरीत परवाना कागदाचा होता, खऱ्या नगरीत तो माणसाच्या कातडीवर आला. तांदूळ, भाजी, सरपण आणायला रोज पलीकडे जाणाऱ्या माणसाला सकाळी आपला दंड पुढे करावा लागे आणि संध्याकाळी पुन्हा तोच दंड दाखवावा लागे. अंगाला घाम येऊन शिक्का पुसला तर नाक्यावर काय होत असेल, ते लिन्शोटेन लिहीत नाही. समुद्रावरही तीच तऱ्हा होती. 'कार्ताझ' नावाचा परवाना घेतल्याशिवाय आपल्या लोकांची गलबते आपल्याच किनाऱ्यावर सुखरूप फिरू शकत नसत.

या नगरीला पेठाही होत्या. गुजराती वाण्यांचा एक रस्ता, सोनारांचा दुसरा, तांबटांचा तिसरा, अशी धंद्यांनुसार मांडणी लिन्शोटेन नोंदवतो, आणि त्याच्या पुस्तकातल्या नकाशात ही नगरी घरे-रस्त्यांसह काढलेली आहे. व्हाइसरॉयच्या धक्क्यापासून वर जाणारा मुख्य रस्ता तो 'रुआ दिरैता', म्हणजे सरळ रस्ता. युटोपियाच्या बाजारात पैसा नव्हता. या बाजारात सकाळी सात ते नऊ रोज लिलाव होई. अरबी घोडे, मसाले, गालिचे, आणि त्यांच्याच रांगेत माणसे. पुरुष, बायका, म्हातारी, पोरे जनावरांसारखी विकली जात. अमॉरोटचे गुलाम तटाबाहेर ठेवलेले होते, म्हणून हिथलोडेच्या वर्णनात ते क्षणभर येतात आणि जातात. गोव्यात ते मुख्य रस्त्यावर होते. म्हणून लिन्शोटेनला त्यांच्याविषयी लिहावेच लागले.

धर्माच्या बाबतीत मात्र कल्पनेतले बेट खऱ्या बेटाहून कितीतरी उदार निघाले. युटोपसने प्रत्येकाला आपला धर्म पाळायची मुभा दिली होती. दुसऱ्याला समजावून सांगावे, पण जबरदस्ती करू नये, असा त्याचा कायदा होता. मोरला स्वतःला तो कायदा पाळता आला नाही. तो इंग्लंडचा चॅन्सेलर असताना, १५२९ ते १५३२ या काळात, पाखंडी ठरवलेले सहा जण जाळले गेले. पुढे राजाला धर्मप्रमुख मानण्याची शपथ त्याच्या सदसद्विवेकाने नाकारली, आणि १५३५ मध्ये त्याचाच शिरच्छेद झाला. तिसवाडीत १५४० च्या सुमारास देवळे पाडली गेली. १५६० मध्ये इन्क्विझिशन आले आणि आदिलशाहाच्या जुन्या वाड्यात त्याचे बस्तान बसले. मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर ते १८१२ पर्यंत टिकले. ज्या वाड्यात आधी राजा राहत होता, त्याच वाड्यात आता कोठड्या होत्या. १६७४ मध्ये त्यात पडलेल्या देलों नावाच्या फ्रेंच वैद्याने सुटकेनंतर आपली कहाणी छापली, म्हणून युरोपला ते कळले. इथल्या ज्यांनी ते भोगले, त्यांच्यापैकी फार थोड्यांची कहाणी कुणी छापली.

पण पाणी दोन्ही बाजूंनी ओलांडता येते. दिवाडीच्या सप्तकोटेश्वराला भक्तांनी पाण्यापलीकडे नार्वे येथे नेले. तिथले देऊळ १६६८ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांच्या आज्ञेने पुन्हा उभे राहिले, आणि त्याची साक्ष देणारा शिलालेख आजही तिथे आहे. तिसवाडीच्या नकाशात जो देव बसू शकत नव्हता, तो नकाशाच्या कडेवरून जरा पलीकडे गेला आणि टिकला. भाविक नाकी ओलांडून दर्शनाला जात राहिले असतील. बेटाच्या व्यवस्थेला सर्वांत मोठे उत्तर मला या घटनेत दिसते. पुढे नोव्हेंबर १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने जुवें बेट घेतले, तेव्हा व्हाइसरॉयने आपला अधिकारदंड सेंट झेवियरच्या शवपेटीपाशी नेऊन ठेवला. तट, तोफा, नाकी, शिक्के असे सगळे हाताशी असूनही राज्यकर्त्याला शेवटी एका मृत संताचा आधार शोधावा लागला.

या नगरीचा शेवट कुठल्या शत्रूने केला नाही. साथींनी केला. दाट वस्ती, दूषित विहिरी आणि सांडपाणी यांनी माणसे पुन्हा पुन्हा मेली. १६९५ मध्ये व्हाइसरॉयने मुक्काम पणेलीला हलवला, १७५९ मध्ये पणजीला, आणि १८४३ मध्ये पणजी अधिकृत राजधानी झाली. जुन्या घरांचे दगड नव्या घरांना लागले. १८३५ मध्ये धार्मिक संघ बरखास्त झाले आणि मोठमोठे मठ ओस पडले. सेंट ऑगस्टिनच्या चर्चचे छत १८४२ मध्ये कोसळले. आज त्याचा अर्धा मनोरा तेवढा माडांच्या वर उभा दिसतो. रुआ दिरैता आता एक शांत रस्ता आहे. १९८६ मध्ये युनेस्कोने इथल्या चर्चांना आणि मठांना जागतिक वारशाचा मान दिला. त्या यादीत वास्तू आहेत. ज्या नाक्यांवर दंडावर शिक्के मारले जात, त्यांना यादीत जागा नाही.

नाक्यांची ही कथा वाचताना आमच्या बाजूच्या माणसाला ती चार शतकांपूर्वीची वाटत नाही. आमच्या वडीलधाऱ्यांनी कॅसलरॉकचे स्टेशन पाहिले होते. बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या गाडीतल्या प्रवाशांची तिथे झडती होई, घाट उतरून कुळ्याला पोर्तुगीजांची पुन्हा वेगळी. एकाच घराण्यातली लग्ने, एकच कुलदैवत, एकच बोली, आणि मध्ये दोन देशांच्या दोन झडत्या. १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाल्यानंतर वाटाच बंद झाल्या. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर त्या पुन्हा उघडल्या. तोवर अनेकांचे आईबाप पलीकडे वारले आणि अलीकडच्यांना जाता आले नाही. अशा घरांतून मी हे ऐकले आहे. नकाशावरच्या रेघेचा अर्थ शाळेतल्या पुस्तकापेक्षा या बायकांच्या बोलण्यातून मला जास्त कळला.

म्हणून काल्पनिक बेटनगरीचा नकाशा समोर आला की तिथे कोण सुखी आहे, हे मी आधी पाहत नाही. सुख कुठल्याही आराखड्यात दाखवता येते. मी तिची वेस शोधतो. वेशीवर कोण बसला आहे, तो काय मागतो, कागद मागतो की दंड? तटाबाहेर कोणाची घरे आहेत आणि तिथल्या लोकांना आत कोणत्या कामापुरते घेतात? आतल्या माणसाला कुणालाही न विचारता पलीकडच्या बहिणीला भेटून येता येते का? या प्रश्नांची उत्तरे मिळाली की ती नगरी सुखाची की दुःस्वप्नाची, याचा निराळा विचार करावा लागत नाही.

मोरने आपल्या बेटाला 'कुठेही नसलेली जागा' असे नाव दिले, यात त्याचा सावधपणा असावा. पुस्तकाच्या शेवटी तो स्वतः म्हणतो की या लोकांच्या चालीरीतींतल्या पुष्कळ गोष्टी आपल्याकडे याव्यात अशी इच्छा करावी, पण तशी आशा मात्र फारशी धरवत नाही. मला त्यात एक पुस्ती जोडाविशी वाटते. त्या बेटाची सहा तासांची मजुरी आणि पोटभर पंगत ही अजूनही कुठेही नसलेल्या जागेतच आहेत. त्याचे परवाने, त्याची तटाबाहेरची वस्ती आणि सर्वांवर नजर ठेवणारे डोळे मात्र पृथ्वीवर फार लवकर पोहोचले. आपल्या बाजूला तर ते मांडवीच्या मुखातून, मोरचे पुस्तक छापले जाण्याच्याही आधी आत आले होते.